आवतन कोणाला द्यायचं? (बैल नसलेल्या घरचा पोळा)

कापूसकोंड्या | २४ ऑगस्ट २०२४, रात्री १०:४२

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. नऊ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मी पुण्यात नोकरीला, आईबाबा गावी.

या उन्हाळ्यात बाबांनी शेवटची जोडी विकली. बांड्या आणि चांद्या. बाबा एकाहत्तरचे, गुडघे गेलेले, सालगडी मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. जोडी वाशिमकडच्या एका शेतकऱ्यानं नेली असं बाबा सांगतात. मी खोलात विचारलेलं नाही.

२ तारखेला पोळा आहे. काल फोनवर सहज विचारलं, यंदा कसं करायचं? बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आवतन कोनाले देऊ?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी असते. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या घरी हे बाबाच म्हणायचे, आणि खरोखर पाहुण्याला सांगावं तसं म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, बैल "हो" म्हणत असतील आणि ते फक्त बाबांनाच ऐकू येत असेल.

आता कोठा रिकामा आहे. आई म्हणते मातीचे बैल आणून पूजा करू. बाबा म्हणतात, मातीच्या बैलाचा खांदा दुखत नाही.

तर प्रश्न असा. बैल गेल्यावर पोळ्याचं काय उरतं? की सोडून द्यायचा सण? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहा.

---

ठेचाभाकर | २४ ऑगस्ट, रात्री ११:१५

कोंड्याभाऊ, शेवटची ओळ वाचून जरा थांबलो.

आमच्या गावात तीनेक वर्षांपासून तोरणाखाली बैलांच्या रांगेच्या मागं ट्रॅक्टर उभे राहतात. नवा ट्रॅक्टर घेतलेली पोरं हौसेनं आणतात. आधी म्हातारे चिडायचे, आता तेच बोनटवर हात ठेवून फोटो काढतात. बैल कमी झाल्यामुळं पोळा "फुटायला" दहा मिनिटं लागतात. माझ्या लहानपणी पाटलाच्या मानाच्या जोडीनं तोरण तोडल्यावर शेवटचा बैल आखरातून निघेपर्यंत अंधार व्हायचा.

झडत्या (तोरणाखाली म्हणायची कवनं) मात्र अजून जोरात. ही माझीच, मागच्या वर्षी म्हटलेली:

कापूस गेला भावात, सोयाबीन गेलं पान्यात,
बैल गेले बजारात, घंट्या राह्यल्या कोन्यात,
ट्रॅक्टरले बांधला गोंडा, बोनटले लावला टिळा,
थो म्हने डिझल टाक आंधी, मंग कर तुहा पोळा!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

लोक खूप हसले. माझ्या घरीही बैल नाहीत हे त्यांना माहीत होतं, म्हणून जास्त हसले असावेत.

---

तर्कट | २५ ऑगस्ट, सकाळी ८:०३

धागाकर्त्याच्या वडिलांबद्दल आदर आहे, तरी जरा वेगळा सूर लावतो.

बैलाच्या नाकातून दोर आपण ओवतो. खच्चीकरण आपण करतो. तुतारीला (हाकायच्या काठीला) लोखंडी आर लावून टोचतो. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस हे, आणि एक दिवस पुरणपोळी. याला कृतज्ञता म्हणायचं की मनाची समजूत? बैलाला विचारलं तर तो म्हणेल, पोळी राहू द्या, तेवढी वेसण काढा. तुम्ही तर त्याच दिवशी हौसेनं नवी वेसण घालता!

बैल गेले, ट्रॅक्टर आला, याचं दुःख कशाला? बैलाच्या बाजूनं पाहिलं तर ही सुटकाच आहे.

---

पंचगंगाकाठ | २५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

आमच्याकडं पोळा नाही, बेंदूर. आणि तो होऊनही गेला. ज्येष्ठातला तो कर्नाटकी बेंदूर, आषाढातला तो महाराष्ट्रीय. एकाच तालुक्यात दोन्ही करणारी गावं आहेत. पोळीऐवजी आमच्याकडं कडबू, आणि संध्याकाळी कर, म्हणजे वेशीत बांधलेलं तोरण, तोडायची.

तर्कट, तुम्ही कधी औत धरलंय का? खोचक विचारत नाही. आजोबा म्हणायचे, आर टोचणाऱ्याची तास (औताची रेघ) वाकडी जाते. बैल घाबरला की सरळ चालत नाही. चांगला औत्या तोंडानं हाकतो.

वेसणीचं तुमचं खरं आहे. त्याला उत्तर नाही माझ्याकडं.

---

घोडेगावकर | २५ ऑगस्ट, सकाळी ९:५२

आणि आमच्याकडं भाद्रपदात, सर्वपित्रीला. म्हणजे यंदा थेट २ ऑक्टोबर. एखादा बैल कोल्हापूर, यवतमाळ, आंबेगाव अशा बदल्या करून घेईल तर वर्षाला तीन सुट्ट्या आणि तीन जेवणं.

माझा अंदाज असा की तारखा पावसाप्रमाणं ठरल्या असाव्यात. ज्या भागात औताचं काम जेव्हा उरकतं, तेव्हा तिथला सण. शास्त्राधार मागू नका, पारावरचं ज्ञान आहे.

---

गोठाडॉक्टर | २५ ऑगस्ट, दुपारी २:२०

पशुवैद्यक आहे, पंचवीस वर्षं मराठवाड्यात नोकरी केली. खांदमळणीबद्दल लिहितो, कारण धाग्याची गाठ तिथंच आहे.

पेरणीच्या आधी वखराच्या पाळ्या, मग तिफण, मग डवऱ्याचे फेर (उभ्या पिकातली कोळपणी). मृगापासून श्रावण संपेपर्यंत बैलाच्या मानेवरचं जू उतरत नाही. पावसात कातडं ओलं, त्यावर लाकूड घासतं. दोन बैल उंचीला कमीजास्त असले की जू एका बाजूला कलतं आणि एकाच खांद्यावर भार येतो. आधी केस जातात, मग कातडं सोलतं, मग सूज. तिला आम्ही खांदेसूज म्हणतो. दुर्लक्ष केलं तर आत गाठ धरते. ती कडक झाली की चिरून काढावी लागते.

आता पाहा, हंगाम संपता संपता एक दिवस असा ठेवला आहे की त्या दिवशी प्रत्येक मालकानं आपल्या हातानं बैलाचा खांदा चाचपलाच पाहिजे. गरम पाण्याचा शेक, हळद, तूप. सण म्हणा, तपासणी म्हणा. पूजेत फूल वाहताना डोळे मिटलेले चालतात, खांदा चोळताना चालत नाहीत. जखम असेल तर बोटांना कळतेच.

म्हणून धागाकर्त्याच्या वडिलांचं वाक्य मला फार नेमकं वाटलं.

तर्कट यांना: खच्चीकरण आता चिमट्यानं होतं, दगडानं ठेचायची जुनी पद्धत फार क्रूर होती. वेदना मात्र आहेच. तुम्ही म्हणता ती "सुटका" कशी झाली तेही ऐका. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश ६ कोटी ८० लाखांच्या आसपास होता. २०१९ च्या गणनेत ४ कोटी ७४ लाख. सात वर्षांत तीस टक्के घट, आणि त्याच काळात गायी मात्र अठरा टक्क्यांनी वाढल्या. ही सगळी जनावरं रानात मोकळी सोडली नाहीत कुणी. आता तर लिंगनिश्चित रेतमात्रा मिळतात, गाय व्याली की कालवडच व्हावी म्हणून. गोऱ्हा जन्मालाच येऊ नये याची सोय आपण सरकारी अनुदानावर करतो आहोत. मी स्वतः त्या मात्रा भरल्यात. शेतकऱ्याला त्या हव्या असतात आणि त्याचं चूक नाही.

ता. क. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची सगळ्यात धावपळ असते. प्रत्येक घरी एकेक करत बैलाला दहा-पंधरा पोळ्या जातात. एवढं गोड आणि पीठ त्याच्या पोटाला झेपत नाही, आम्लता होते, पोट फुगतं. काही बैल दगावतात. प्रेमानं मारतात लोक. एक पोळी द्या, बाकी हिरवा चारा. शिंगांना ऑइलपेंट नको, आणि शिंगं तासताना आतला कोवळा भाग उघडा पडेपर्यंत तासू नका.

---

तर्कट | २५ ऑगस्ट, दुपारी ३:११

डॉक्टर, हे पटलं. खांदा चाचपण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी माझा प्रश्न उरतोच. खांदा चाचपून, जखम पाहून, तूप लावून तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यावरच जू ठेवायचं. कळल्यावरही. मग ते कळणं कशासाठी?

---

गोठाडॉक्टर | २५ ऑगस्ट, दुपारी ३:४०

याचं उत्तर शेतकऱ्यानं द्यावं. मी पगारी माणूस.

---

ओसरी | २५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

कुणीच बाजाराचं बोललं नाही, मी बोलते. आम्ही हिंगोलीकडचे.

पूर्वी थकलेला बैल विकून येणाऱ्या पैशात भर घालून नवा गोऱ्हा यायचा. तो बैल शेवटी कुठं जातो हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी बोलायचं नाही. माझे वडील बैल विकायच्या दिवशी जेवायचे नाहीत. पण विकायचे.

मार्च २०१५ मध्ये कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, गायीसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवली. आता म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. कागदावर बैल वाचला. पण रोजचा कडबा, कुटार, ढेप कुणी घालायची? दोन एकरवाला म्हातारी जोडी पोसेल की पोरांची फी भरेल? आमच्या बाजूला रात्री रस्त्यावर सोडलेली जनावरं दिसतात, कानातला बिल्ला काढलेली.

ऋण मानायचं तर शेवटपर्यंत सांभाळायला हवं हे कळतं. ते परवडणारं घर मात्र मी गावात एकच पाहिलं, आणि त्यांचा पेट्रोलपंप आहे.

---

निवांत | २५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

आला, आला, बीफबंदीचा मुद्दा आला. आता दोनशे प्रतिसाद पक्के.

---

संपादक मंडळ | २५ ऑगस्ट, रात्री ९:१०

कायद्याच्या राजकारणावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. 'ओसरी' यांचा प्रतिसाद विषयाला धरून आहे, तो इथंच ठेवला आहे. कृपया पोळ्यावर बोला.

---

सातासमुद्रा | २६ ऑगस्ट, पहाटे ४:२५

न्यू जर्सीतून. इथं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभाराचा सण असतो, सगळी अमेरिका टर्की खाते. आणि त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसच्या हिरवळीवर एकदोन टर्कींना समारंभानं "माफी" देतात. गुन्हा काय केला होता ते विचारायचं नाही. बाकी कोट्यवधी ताटात.

ओसरीताईंचा प्रतिसाद वाचून तेच आठवलं. ज्याच्या जिवावर जेवतो त्याच्याशी सरळ नजर भिडवणं कुठल्याच समाजाला जमलेलं नसावं. निदान आपण ज्याचे आभार मानतो त्यालाच त्या दिवशी खात नाही, एवढं आपलं बरं.

---

महालातला | २६ ऑगस्ट, सकाळी १०:१५

कोंड्याभाऊ, "मातीचे बैल" म्हणजे काहीतरी कमी, असं तुमच्या बाबांनी समजू नये म्हणून लिहितो.

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडाचे बैल, चाकावरचे, पोरं सजवून रांगेत उभी करतात. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली मुलांसाठी तो सुरू केला असं इथं सांगतात. भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल अजून त्या दिवशी निघतो. त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत". सगळं शहर रस्त्यावर, सरकारी कचेऱ्यांना स्थानिक सुट्टी.

माझ्या चार पिढ्यांत कुणी औत धरलेलं नाही. तरी आजीनं घेतलेला सागवानी बैल घरात आहे, एक शिंग तुटलेलं, फेव्हिकॉलनं चिकटवलेलं. माझी मुलगी त्याला अंघोळ घालते. ज्याच्याशी घरातला कुणी कधी राबला नाही त्याच्याबद्दल ही भावना कुठून येते? मला वाटतं येतच नसावी. पोरांना खाऊ आणि पैसे मिळतात म्हणून येतात. पण हात बैलाच्या पाठीवर फिरवायची सवय लागते, तीही काही कमी नाही.

---

माजघर | २६ ऑगस्ट, दुपारी १:३०

दोन दिवस वाचतेय. सगळे बैलाच्या मानेवर बोलताहेत, मी जरा चुलीकडं वळते.

पोळ्याची अमावास्या तीच पिठोरी. माझी आई दिवसभर उपाशी, संध्याकाळी खीरपुरीचं वाण डोक्यावरून मागं धरून विचारायची, "अतित कोण?" आम्ही मागून आपापलं नाव सांगून वाण घ्यायचो. त्याच दिवशी तिनं पाच शेर डाळीचं पुरण वाटलेलं असायचं, पाट्यावर. बैल दारात आले की पाय धुवायचे तिनं, ओवाळायचं तिनं. घरात शिरताना बैलाला देवघरापर्यंत वाट. एकदा आमच्या बैलानं माजघरात शेण टाकलं, तर आजोबा म्हणाले, "लक्ष्मी आली." सारवलं आईनं.

आता खरं लिहायचंय ते. आमचे सालगडी होते, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. पाडवा ते पाडवा साल. बैलांना त्यांनीच वाढवलं, रात्री उठून कुटार त्यांनी टाकलं, पोळ्याला नदीवर त्यांनीच घासून धुतलं, शिंगं त्यांनीच रंगवली. पोळ्याला त्यांना नवं धोतर मिळायचं. घरोघर बैल फिरवून जमलेला बोजाराही त्यांचा. हे सगळे कौतुकानं सांगतात, मीही सांगायचे.

पण बैल देवघराच्या उंबऱ्याशी जेवायचा आणि मामा कोठ्यात. पत्रावळ हातात घेऊन. त्यांना आत बोलवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मामांनाही ते खटकलं असेल असं मला वाटायचं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. मामी वर्षभर शेण काढायच्या. त्यांना त्या दिवशी काय मिळायचं ते मला आठवतसुद्धा नाही.

जनावराचे आभार मानणं सोपं आहे. ते मजुरी वाढवून मागत नाही.

---

पंचगंगाकाठ | २६ ऑगस्ट, दुपारी २:०२

ताई, हे वाचून आमचं घर आठवलं. आणखी काही लिहवत नाही.

---

ठेचाभाकर | २६ ऑगस्ट, दुपारी २:४५

माझे आजोबा सालगडी होते.

ते पोळ्याची वाट पाहायचे. अपमान वाटायचा का, तर वाटायचा, म्हातारपणी बोलून दाखवायचे. पण बैल सजवलेला असताना दोर त्यांच्या हातात असायचा. त्या दिवशी गावातून चालताना लोक रस्ता द्यायचे. "त्या दिवशी मालक मागं चालायचा," हे वाक्य त्यांनी मला शंभर वेळा तरी सांगितलं असेल. त्यांचे दोन बैल माझ्या वडिलांच्या लग्नानंतर झाले. पहिल्या पोळ्याला स्वतःचे बैल घेऊन तोरणाखाली उभे राहिले, तेव्हा पाटलानं मागच्या रांगेत उभं केलं. तरी उभे राहिले.

म्हणून तर्कटसाहेब, सण खोटा आहे असं मला म्हणता येत नाही. सण खरा आहे असंही पूर्ण म्हणता येत नाही.

---

तर्कट | २६ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मी माझं "मनाची समजूत" मागं घेत नाही, पण तुमच्या आजोबांपुढं ते थिटं आहे हे कबूल.

---

निवांत | २७ ऑगस्ट, रात्री १२:२०

कोंड्याभाऊ, एक व्यावहारिक शंका. जोडी विकली तर यंदा डवरणी कशी केलीत? ट्रॅक्टर तर उभ्या कपाशीत शिरत नाही. आणि काळ्या मातीत पावसाळ्यात तो रुततो.

---

कापूसकोंड्या | २७ ऑगस्ट, सकाळी ७:५०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माजघर आणि ठेचाभाकर, तुमचे बाबांना फोनवर वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण मध्येच "पुन्हा वाच" म्हणाले.

निवांत, भाड्यानं. गावात एक दादा आहेत, स्वतःचे चार एकर आणि एक जोडी. सांगेल त्याच्याकडं डवरा घेऊन जातात, दिवसाचे पंधराशे. आमच्या कपाशीत तीन फेर त्यांनीच मारले.

तुमचा प्रश्नही बाबांना वाचून दाखवला. आता इकडं वेगळंच सुरू झालंय. शनिवारी गावी जातोय, आल्यावर लिहितो.

---

घोडेगावकर | २७ ऑगस्ट, सकाळी ८:१०

आता धागा खरा रंगला. खुर्ची सरकवून बसतो.

---

ओसरी | १ सप्टेंबर, रात्री ९:४०

आमच्याकडं काल रात्रीपासून धो धो. ओढ्याला पूर, बैल धुवायला न्यायची सोय नाही. गेल्या वर्षी लम्पीमुळं घरच्या घरी पोळा, यंदा पाऊस. कोंड्याभाऊ, पोचलात का?

---

कापूसकोंड्या | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

पोचलो होतो. काल रात्री पुण्याला परतलो. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

रविवारी दिवसभर पाऊस. संध्याकाळी चारला बाबांनी आईकडून वाटीत तूप घेतलं, हळद कालवली, गरम पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. डोक्यावर पोतं घेऊन निघाले. मला वाटलं कोठ्यात जाऊन जुन्या दावणीला वगैरे लावतात की काय. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, दादांच्या घरी गेले.

दादांची खांदमळणी सुरूच होती. बाबा म्हणाले, "तीन फेर माह्या वावरात झाले. खांदा मीबी मळतो."

दादा जरा गोंधळले. मग म्हणाले, "मळा ना काकाजी. पन आवतन पयलं माह्या घरचं." यावर दोघांची पाच मिनिटं खरोखरची बोलाचाली झाली. बाबांचं म्हणणं, काम केलं तिथं जेवायचा बैलाचा हक्क आहे. दादांचं म्हणणं, मग गावात अकरा घरी केलं, अकरा घरी जेवला तर मरेल. (डॉक्टर, मी इथं तुमचा प्रतिसाद सांगितला. दादांनी माझ्याकडं "हे तर मलाही ठाऊक आहे" अशा नजरेनं पाहिलं.) शेवटी ठरलं, पोळा फुटला की आधी दादांचं घर, मग मारुती, मग आमचं. एकच पोळी.

मग बाबा खांदा चोळायला बसले. उजवीकडचा बैल अंग चोरत होता. बाबांचा हात एका जागी थांबला. मला म्हणाले, "इथं बोट लाव." लिंबाएवढी गाठ होती. वरचे केस गेलेले, कातडं तुकतुकीत.

बाबांनी दादांना विचारलं, "हे माह्या वावरातलं हाये का?"

दादा म्हणाले, "काकाजी, अकरा वावरं. हिशेब कोन ठेवते?"

बाबा त्या गाठीभोवती बराच वेळ हळूहळू चोळत राहिले. गाठीवर हात लावला नाही. मग दोघांच्या कानाशी आवतन दिलं. माझ्या लहानपणीच्याच आवाजात.

सोमवारी पाऊस थोडा उघडला. तोरणाखाली सव्वीस बैल होते, मी मोजले. ट्रॅक्टर नऊ. झुली भिजू नयेत म्हणून बहुतेकांनी घातल्याच नव्हत्या, गेरूचे ठप्पे अंगावरून ओघळून पाय लाल झाले होते. ठेचाभाकर, तुमची झडती मी म्हटली, तुमचं नाव सांगून. मोबाइलवर मागून घेतली लोकांनी.

दिवेलागणीला दादा जोडी घेऊन दारात आले. आईनं पाय धुतले, ओवाळलं. साठ पोळ्या केल्या होत्या तिनं, सवयीनं, आणि एकेकच द्यायची म्हटल्यावर चिडली होती. गाठवाल्या बैलानं पोळी हुंगली आणि सोडली. दुसऱ्यानं दोन्ही खाल्ल्या. बाबांनी दादांना बोजारा दिला. दादा "काकाजी, कायले" म्हणाले आणि घेतला. आई म्हणाली, आत या, पाटावर बसा, जेवून जा. (माजघरताई, हे आईनं तुमचं ऐकूनच केलं, तिनं तसं मला नंतर सांगितलं.) दादा म्हणाले, बैल भिजताहेत, घरी बायको थांबली आहे, उपास आहे तिचा. मग आईनं वीस पोळ्या बांधून दिल्या.

मातीचे बैलही बसवले होते आईनं, देवघरात. बाबांनी त्यांनाही नमस्कार केला, पण जरा घाईत.

रात्री बाबा मला विचारत होते, आता बरी जोडी केवढ्याला येते. मी म्हटलं लाख-सव्वा लाख. "हं" म्हणाले आणि झोपले.

---

माजघर | ४ सप्टेंबर, रात्री १०:५८

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. आणि दादांच्या बायकोलाही, नाव मात्र विचारून घ्या यावेळी.

---

तर्कट | ४ सप्टेंबर, रात्री ११:०५

"हिशेब कोन ठेवते?" मी इथं गप्प.

---

गोठाडॉक्टर | ४ सप्टेंबर, रात्री ११:२०

धागाकर्ते, गाठ दाबल्यावर मऊ लागते की कडक? हाताला गरम लागते का? मऊ असेल तर औषधानं आणि विश्रांतीनं बसू शकते, कडक असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला सांगा, उशीर करू नका. काहीही असो, किमान दहा-पंधरा दिवस त्या मानेवर जू नको. जूच्या खाली गोणपाट गुंडाळून भागवतात लोक, तसं नको.

---

कापूसकोंड्या | ५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

डॉक्टर, आत्ता फोन केला. मऊ आहे, थोडी गरम. दादांना सगळं सांगितलं. ते हो म्हणाले.

पण वाफसा आला की त्यांची पलीकडच्या शिवारात डवरणी ठरलेली आहे, सात एकर. इसार घेतलाय, आणि तो पोळ्याच्या सामानात खर्च झालाय.